सेल्फ घेत नाही? बॅटरी घेण्याआधी तपासणीचे पैसे मोजा

जुनी पिकअप पहाटे सेल्फ घेईनाशी झाली की मालक पहिला फोन बॅटरीच्या दुकानात लावतो. त्यालाही कारण आहे. हौद्यात भाजीचे क्रेट भरलेले असतात, बाजार समितीत लिलावाची वेळ ठरलेली असते आणि बॅटरी बदलायला दहा मिनिटं पुरतात. सात-आठ हजार जातात, गाडी सुरू होते, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवला जातो, त्याच्यापाठोपाठ डायनॅमो. शेवटी निघतं काय, तर इंजिनापासून चासीवर येणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली. ती मजुरीसकट चारशे-पाचशेत बदलून होते.

हा उलटा प्रवास होण्यात ऑटो इलेक्ट्रिशियनइतकाच आपलाही हात असतो. ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असं आपणच म्हणतो. तपासणीचे पैसे मिळणार नसतील, तर तो कमावणार पार्टवर. बिघाड शोधण्यात तास घालवण्यापेक्षा सेल्फ बदलून मोकळं होणं त्याला परवडतं. म्हणून गॅरेजमध्ये पाय ठेवताच सांगा, ‘तपासायचे पैसे वेगळे घ्या, पार्टचं नंतर बघू.’ गाडी त्याच्या दारात असेल तर २०० ते ५०० रुपये, तो जागेवर येणार असेल तर ५०० ते १,०००. त्या बदल्यात त्याने मीटर लावून आकडा दाखवायचा. ‘बॅटरी गेलीय’ एवढंच सांगणाऱ्याला ‘किती व्होल्ट?’ असं विचारायचा हक्क या पैशांनी मिळतो. इथे दिलेले सगळे भाव तालुक्याच्या बाजारातले ठोकळ आहेत. पुणे-मुंबईत मजुरी जास्त पडेल, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पार्टही महाग पडेल.

डोळ्यांसमोर आहेत त्या दहा-पंधरा वर्षं राबलेल्या बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्यांच्या जातकुळीतल्या १२ व्होल्टच्या डिझेल गाड्या. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं. त्याआधीच्या अशा बऱ्याच गाड्यांचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे, म्हणजे सुरू व्हायला अशा गाडीला दोनच गोष्टी लागतात: सेल्फने इंजिन जोरात फिरवणं आणि पंपाने डिझेल सोडणं. कॉम्प्युटरवाल्या सीआरडीआय गाडीत त्यात सेन्सर आणि कुठे कुठे चावीतली चिपही येते. पण बॅटरी, तारा आणि सेल्फ यांचं गणित दोन्हीकडे सारखंच.

आधी कान द्या

मेकॅनिकला फोन करताना ‘गाडी चालू होत नाही’ एवढं सांगून भागत नाही. चावी फिरवल्यावर काय ऐकू आलं आणि डॅशबोर्डचे दिवे कसे वागले, ते सांगा. अर्धं निदान तिथेच होतं.

दिवेही नाहीत, आवाजही नाही: मेन सप्लायच तुटलेला आहे. सुटलेलं टर्मिनल, मेन फ्यूज किंवा पूर्ण उतरलेली बॅटरी. दिवे लागतात पण सेल्फ मारताच विझतात: बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनल नीट बसलेलं नाही. टक-टक-टक असा भरभर आवाज येत असेल तर सोलेनॉइड ओढतोय आणि सोडतोय, व्होल्टेज टिकत नाहीये. जोरात एकच ‘टक्’ आणि मग शांतता, दिवे मात्र ठणठणीत: इथे संशय सेल्फच्या आतल्या कार्बनवर, सोलेनॉइडच्या कॉन्टॅक्टवर किंवा इंजिनाच्या अर्थिंगवर जातो. दिवे उत्तम आणि टकसुद्धा नाही: इग्निशन स्विच, रिले किंवा सेल्फकडे जाणारी बारीक तार. सेल्फ घुईंऽऽ करत रिकामा फिरतो पण इंजिन हलत नाही, तर इंजिनाचे दाते पकडणारं बेंडिक्स गेलं. आणि इंजिन चांगलं फिरतंय, तरी पकडत नाही? मग बॅटरी-सेल्फचा नाद सोडा. डिझेल लाइनीत हवा शिरलीय का, ते पाहा. पंपावरच्या डिझेल अडवणाऱ्या सोलेनॉइडला सप्लाय येतोय का, तेही पाहा. काही गाड्यांत त्याला सप्लाय असेल तरच डिझेल पुढे जातं, आणि दहा-वीस रुपयांचा फ्यूज उडाला तरी गाडी उभी राहते.

दिवे लागतात म्हणजे बॅटरी ठीक, हा समज सगळ्यात महागात पडतो. डॅशबोर्डच्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. या आकाराचं डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो, पहिल्या झटक्याला त्याहून जास्त. टर्मिनलखाली साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थराने ०.०१ ओहमचा अडथळा केला, तरी २५० अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बल्बला याचा पत्ताही लागत नाही. सेल्फ मात्र उपाशी राहतो.

पाचशे रुपयांची हत्यारं

साधा डिजिटल मल्टिमीटर ३०० ते ८०० रुपयांना मिळतो, टेस्ट लॅम्प शंभराच्या आसपास. नोटीसारखं ते पाकिटात बसणार नाही, पण गाडीच्या डॅशबोर्डात बसतं आणि पहिल्याच वेळी पैसे वसूल करतं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, गाडीसमोर कुणी नाही, हातातलं कडं-अंगठी काढलेली. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे विडी-सिगारेट लांब. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊणच्या आसपास, १२.२ म्हणजे निम्मी, १२ किंवा खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली म्हणजे मेलेली नव्हे, हे दुकानदार सांगत नाही. ती आधी चार्ज करा. चार्जिंगवाला शंभर-दोनशे घेईल, आठ-दहा तास ठेवून घेईल. चार्ज झाल्यावर दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून पुन्हा आकडा बघा. सेल्फ मारताना दहाच्या आसपास टिकला तर बॅटरी कामाची आहे. भरलेली असूनही साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बहुधा तिचे दिवस भरले. उघड्या झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल पाहा. एखाद्या सेलचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल गेला, आणि एक सेल गेला की बॅटरी गेली.

आता खरी मेख. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर ठेवा. तारेच्या लगवर नाही, शिशाच्या खुंटीवरच. दुसरं टोक इंजिनाच्या स्वच्छ उघड्या लोखंडावर. सेल्फ मारा. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत यायला हवा. एक-दीड व्होल्ट आला तर दोष अर्थिंगचा. तसंच प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. सेल्फ मारण्याच्या त्या चार-पाच सेकंदांत हे आकडे पाहायचे असतात. नुसत्या उभ्या गाडीत सगळंच शून्य दिसेल आणि ‘वायरिंग ओके आहे’ असा निकाल हाती येईल.

मीटर नसेल तर जंपर केबलचा एक पदर मायनस खुंटीवरून थेट इंजिनावर लावा. गाडी झटक्यात सुरू झाली तर अर्थिंगची पट्टी बदला. नवी केबल किंवा पट्टी २०० ते ५००, टर्मिनलची जोडी १०० ते ३००, मजुरी २००. कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांची सुरुवात तर इथूनच करावी. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चासीवर गळतं आणि अर्थिंगचा बोल्ट वरून साबूत दिसतो, पण आतून खाल्लेला असतो. पट्टी बसवताना खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकायला हवं. बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस. टर्मिनलवरचा थर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतला तर निघतो. त्याचा खर्च सोड्याच्या पुडीचा. टर्मिनल काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी.

बारीक तार सांगेल तो निकाल

बॅटरी आणि जाड तारा निर्दोष निघाल्या की एकाच चाचणीने खर्चाचा रस्ता दोन फाट्यांत विभागतो. सेल्फवर जाड केबलशेजारी एक बारीक तार असते. चावीकडून हुकूम तिथूनच येतो. टेस्ट लॅम्पची क्लिप अर्थला, टोक त्या बारीक तारेच्या जोडावर, आणि दुसऱ्याने चावी फिरवायची. लॅम्प लखलखीत लागला आणि सेल्फ फिरला नाही, तर दोष सेल्फमध्ये. लॅम्प लागलाच नाही किंवा मिणमिणला, तर सेल्फला हात लावायचं कारण नाही. दोष चावी ते सेल्फ या वाटेवर आहे. ही तपासणी न करता कुणी सेल्फ उतरवायला निघाला असेल तर त्याला थांबवा.

वाटेवरचा दोष स्वस्त. रिले १५० ते ४००, फ्यूज किरकोळ, इग्निशन स्विच ५०० ते १,५००. जुन्या गाड्यांत स्विचच्या आतले कॉन्टॅक्ट जळालेले असतात. त्यातून अधूनमधून सप्लाय जातो, अधूनमधून जात नाही, आणि ‘चार वेळा चावी फिरवली की एकदा लागते’ अशी गाडी तयार होते. अशा गाडीत सेल्फला वेगळा रिले बसवून घेणं हा चांगला उपाय. मजुरीसकट ५०० ते ८०० रुपयांत स्विचवरचा भार कमी होतो.

वेळ खाते ती मधली वायर. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. पासिंगच्या आदल्या दिवशी इंडिकेटर, हॉर्न, मागचे दिवे कसेबसे चालू केले जातात. दरवर्षी एक नवा जोड, वर काळी टेप. त्यात डेक, एलईडी पट्ट्या, देवाच्या फोटोभोवतीची लायटिंग. गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदरांचं कामही त्यात आलं. अशा वायरिंगमधला एक तुटका धागा शोधायला इलेक्ट्रिशियनने पाचशे ते पंधराशे मजुरी सांगितली तर कुरकुरू नका, कारण हे काम खरंच घामाचं आहे. फक्त जोड नुसते पिळून टेप न लावता लग दाबून किंवा सोल्डर करून वर स्लीव्ह चढवायला सांगा.

दोष सेल्फमध्येच निघाला तरी नवा सेल्फ हे शेवटचं पान. सेल्फच्या अंगावर पान्याच्या मुठीने हलके टोले दिले आणि तो फिरला, तर बहुतेक कार्बन झिजलेत किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत. (हे टोले घरी पोचण्यापुरते. कित्येक गाड्या वर्षानुवर्षं या टोल्यांवर चालतात आणि एक दिवस घाटात उभ्या राहतात.) कार्बनचा संच दीडशे ते चारशे, सोलेनॉइड ७०० ते १,५००, बुश-कार्बन-सफाईसह पूर्ण ओव्हरहॉल दीड ते तीन हजार. आर्मेचर जळालं असेल तर मात्र हिशोब बदलतो. रिवाइंडिंग आणि ओव्हरहॉल मिळून साडेतीन-चार हजारांवर जात असेल, तर वॉरंटीसह नवा घेणं शहाणपणाचं. लुकास-टीव्हीएस किंवा बॉशसारख्या कंपनीचा नवा सेल्फ मॉडेलप्रमाणे पाच ते नऊ हजारांपर्यंत जातो. बाजारात ‘रिकंडिशन’ म्हणून निम्म्या भावाचाही मिळतो. त्याच्या आत कुणी काय भरलंय हे बाहेरून कळत नाही, म्हणून सहा महिन्यांची लेखी हमी असेल तरच घ्यावा. उतरवलेला जुना सेल्फ परत मागा. त्यातलं तांबं तुमच्या पैशाचं आहे.

सुरू झाली, पण उद्या?

धक्का मारून किंवा जंपर लावून गाडी सुरू झाली की तिथेच बॅटरीवर मीटर धरा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर डायनॅमो काम करतोय. १२.४ दिसून आकडा हळूहळू उतरत असेल तर नवी बॅटरीही दोन दिवसांत बसणार. आधी बेल्टचा ताण बघा. सैल असेल तर फुकटात ओढता येतो, तडकलेला असेल तर नवा ३०० ते ६००. मग डायनॅमोचा रेग्युलेटर आणि कार्बन, त्याची दुरुस्ती दीड ते तीन हजार. या डिझेल गाड्यांपैकी बऱ्याच जणींत डायनॅमोच्या पाठीवर ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. त्याचं सील गळालं की इंजिन ऑइल डायनॅमोत शिरतं आणि नुकताच भरलेला डायनॅमो पुन्हा जातो. दुरुस्ती करताना ते सील बदललं का, हा प्रश्न विचाराच. पंपासकट नवा घ्यायचा तर सहा ते दहा हजार लागतात.

चालू इंजिनात बॅटरीची तार काढून ‘इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे डायनॅमो चांगला’ असा निकाल देणारे मिस्त्री आजही भेटतात. तार काढताच व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर उडू शकतात. सीआरडीआय गाडीत तर कॉम्प्युटरही. कुणी पाना घेऊन टर्मिनलकडे निघाला की हात धरा.

चार्जिंग ठीक, बॅटरी ठीक, तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी उतरते, अशी तक्रार असेल तर कुठेतरी करंट झिरपतोय. चावी काढून, दारं बंद करून मायनस तार सोडवा आणि मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडा. त्या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ३०० दिसत असेल, तर दिवसाला ७ अँपिअर-तासांहून थोडं जास्त जातं, आणि ८० ची बॅटरी पाच-सहा दिवसांत निम्मी. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, ती लाइन चोर. पुष्कळदा तो चोर थेट बॅटरीवर जोडलेला डेक किंवा जीपीएसचा डबा असतो, त्याचा फ्यूज पेटीत सापडतच नाही. त्यामुळे बॅटरीच्या खुंटीवरून निघालेल्या जास्तीच्या तारा आधी मोजा.

बॅटरी घ्यायचीच असेल तर

बॅटरीला आपल्याकडे खरं मारतो उन्हाळा. अकोला-चंद्रपूरच्या उन्हात तिचं आयुष्य आटतं, आणि ते उघडं पडतं डिसेंबर-जानेवारीत, निफाडसारख्या ठिकाणी पहाटे पारा घसरला की. गार बॅटरी कमी देते आणि गार इंजिन जास्त मागतं. तेव्हा तीन-चार वर्षं झालेली बॅटरी वरच्या चाचणीत नापास झाली तर ओढाताण करू नका.

या गाड्यांना साधारण ७५-८० अँपिअर-तासांची बॅटरी लागते, भाव सहा ते साडेआठ हजार. गाडीच्या पुस्तकात आहे तीच क्षमता घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लेड-अॅसिड बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुकानदार जुना छापील भाव दाखवत असेल तर बिलावरचा दर वाचा. जुन्या बॅटरीचे एक्स्चेंजमध्ये हजार ते अठराशे सुटतात. भाव शिशाच्या वजनावर असतो, म्हणून अंदाजाने न देता काट्यावर ठेवायला सांगा.

वॉरंटीची भाषा नीट ऐका. ‘चार वर्षं’ म्हणताना त्यातली अर्धी अनेकदा प्रो-राटा असतात, म्हणजे त्या काळात बॅटरी फुकट बदलून मिळत नाही, नवीवर सूट मिळते. ती सूट छापील किमतीवर धरतात, आणि छापील किमतीपेक्षा कमी भावात ती बॅटरी बाजारात एरवीही मिळते. त्यामुळे हिशोबात धरायचा तो फक्त फुकट बदलून देण्याचा काळ. व्यावसायिक गाडीला तो काही कंपन्या कमी देतात. कार्डावर तारखेचा शिक्का आणि गाडीचा नंबर त्याच दिवशी घ्या.

वाटेत अडकलात तर

मेकॅनिकल पंपाची गाडी धक्क्यावर सुरू होते, पण डिझेलचा सोलेनॉइड उघडण्याइतका तरी करंट बॅटरीत हवा. सीआरडीआय गाडीची बॅटरी पूर्ण बसली असेल तर ढकलून दमण्यापेक्षा जंपर मागवा. जंपर लावताना आधी प्लसला प्लस, मग मदतीच्या गाडीचा मायनस, आणि शेवटची क्लिप आपल्या इंजिनाच्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. मोठ्या ट्रकची मदत घेऊ नका. त्यांची सिस्टिम बहुधा २४ व्होल्टची असते, आणि घाईत चुकीच्या खुंटीला क्लिप लागली की खर्च कुठल्या कुठे जातो. जागेवर येऊन जंपर देणारे ३०० ते ८०० घेतात. टोचन करून न्यायचं झालं तर अंतराप्रमाणे दीड ते तीन हजार.

आता बिलाचं. ‘बिल घेतलं तर जीएसटी लागेल’ ही सवलत नव्हे. बिल नसेल तर सेल्फची हमीही नाही. पिकअप व्यवसायाची आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद, असंही समजू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच धरला आहे. स्वतः गाडी चालवून कुटुंब सांभाळणारा मालक त्यात बसतो. ड्रायव्हर ठेवून दहा गाड्या फिरवणाऱ्याला ते जड जातं. तक्रारीची पहिली पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्याने काम झालं नाही तर जिल्हा आयोग. तिथे पाच लाखांपर्यंत मोबदला मोजलेल्या प्रकरणाला फी नाही. जोडायला लागतं ते बिल, वॉरंटी कार्ड आणि तपासणीच्या वेळी मीटरवर दिसलेल्या आकड्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो.